नाखवा आपल्याच बंदरातला

काकांनी सतरंजीवर खजुराच्या बिया मांडल्या. बरोबर अकरा. समोर पिस्त्याची टरफलं, तीही अकरा. अरबी कॉफीचा छोटा बिनदांडीचा पेला पालथा घातला आणि तो झाला चीनचा गोल. मग तर्जनीने एक बी हळूच पुढे सरकवायला सुरुवात केली. मैदानाच्या मध्यातून निघालेली ती बी एका टरफलाला वळसा घालून गेली, दुसऱ्याच्या बाजूने निसटली, गोलरक्षकाच्या टरफलालाही चकवून पेल्याला टेकली. काकांनी वर पाहिलं. चाळीस वर्षांपूर्वीचा गोल, आणि डोळ्यांत पाणी आजचं. "माजेद," ते म्हणाले.

मला वाटलं, गोष्ट इथे संपली. पण त्यांनी थाळीतून आणखी एक बी उचलली आणि सतरंजीच्या काठाबाहेर, उघड्या फरशीवर ठेवली. खेळाडूंपासून दूर, एकटी. "और ये खलील."

हा लेख त्या बाराव्या बीबद्दल आहे.

सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं दम्माम हे शहर मराठी माणसाला अनोळखी नाही. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांची कौलं जाऊन स्लॅब पडला तो दम्माम-खोबरच्या पगारावर. माझे मामा १९८१ मध्ये गुहागरहून तिथे गेले. बंदराच्या कामावर इलेक्ट्रिशियन होते, कंपनीच्या कॅम्पात राहायचे. तेव्हा पत्रं पोचायला दिवसचे दिवस लागत, फोन परवडत नसे. म्हणून आखातातली माणसं कॅसेट भरून पाठवायची. सुट्टीवर येणाऱ्याच्या बॅगेतून ती गावी यायची आणि सगळं घर टेपरेकॉर्डरभोवती बसायचं. आजी आवाज ऐकत पदर डोळ्याला लावायची.

त्यातली एक कॅसेट मला आजही स्पष्ट आठवते. डिसेंबर १९८४. मामांच्या आवाजामागे गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते, एकसारखे, थांबायचं नाव नाही. मामा सांगत होते की इथल्यांनी आज आशियाचा कप जिंकलाय, रस्त्यावर तोबा गर्दी आहे, आज इथली दिवाळीच समजा. दिवाळी आपली संपून दोन महिने होत आले होते, म्हणून ते वाक्य मला पोरवयातही लक्षात राहिलं. पुढे मी स्वतः कामानिमित्त दम्मामला जाऊ-येऊ लागलो, तेव्हा मामांचे बंदरातले जुने सहकारी शोधून काढले. बिया मांडणारे काका त्यांपैकी एक. ते बंदराच्या नोकरीतून निवृत्त झाले आहेत. मुंबईहून येणाऱ्या मालाशी आणि माणसांशी आयुष्यभर व्यवहार केल्यामुळे हिंदी बरी बोलतात. मी त्यांना काका म्हणतो, ते मला 'भाचा' म्हणायला शिकले आहेत.

खलील म्हणजे खलील अल-झयानी. भारतात हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नसेल. सौदीत त्यांना 'अमीद' म्हणतात, सौदी प्रशिक्षकांचे ज्येष्ठ. आधी दम्मामच्या इत्तिफाक क्लबचे खेळाडू, मग त्याच क्लबचे प्रशिक्षक. १९८२-८३ च्या मोसमात त्यांच्या हाताखाली इत्तिफाकने सौदी लीग जिंकली, तीही एकही सामना न हरता. असा पराक्रम करणारा तो पहिला सौदी क्लब. त्याच सुमारास आखाती क्लबांची स्पर्धा जिंकून, देशाबाहेरचं विजेतेपद आणणारा पहिला सौदी क्लब होण्याचा मानही इत्तिफाकने मिळवला. रियाधचे अल-हिलाल आणि अल-नस्र, जेद्दाचे अल-इत्तिहाद आणि अल-अहली हे सौदी फुटबॉलमधले बडे घराणेदार. त्यांच्या नाकावर टिच्चून एका बंदरावरच्या क्लबने हे करून दाखवलं होतं.

इत्तिफाकला त्याचे पाठीराखे 'नवाखदा' म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी चमकलोच. नवाखदा हे नोखदाचं अनेकवचन. नोखदा म्हणजे गलबताचा प्रमुख, मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्यांना घेऊन समुद्रात जाणारा, वारा ओळखणारा, परतीची वेळ ठरवणारा. मूळ शब्द फारसी, नाखुदा. आणि आमच्या कोकणात कोळीवाड्यावर होडीच्या मालकाला हाक मारतात तो नाखवा! एकाच शब्दाने एका समुद्राचे दोन्ही काठ बांधले गेलेत. दम्मामच्या वस्तीचा इतिहासही समुद्राशीच जोडलेला आहे. १९२३ मध्ये बहरीनहून दवासिर टोळीची कुटुंबं इथे येऊन वसली. तेव्हा इथे मासे आणि मोती एवढंच होतं. शेजारच्या धहरानच्या टेकडीवर तेल लागलं ते १९३८ मध्ये, सातव्या क्रमांकाच्या विहिरीला. कतीफच्या मासळी बाजारात आजही हेकरूला हमूर आणि सुरमईला कनअद म्हणत भाव चालतो; नाव वेगळं, पण कल्ले उघडून ताजेपणा बघण्याची रीत तीच.

खलील दम्मामकरांसाठी नोखदा होते ते याच अर्थाने. बाहेरून आणलेला कप्तान नव्हे, याच धक्क्यावर लहानाचा मोठा झालेला.

आता १९८४ सालाकडे येतो, कारण काकांच्या सगळ्या गोष्टी शेवटी तिथेच येऊन थांबतात.

राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक तेव्हा मारियो झगालो होते. हे नाव मात्र आपल्याकडे फुटबॉलवेड्यांना पाठ असतं. ब्राझीलकडून १९५८ आणि १९६२ चे विश्वचषक खेळाडू म्हणून जिंकलेले, १९७० चा प्रशिक्षक म्हणून. तेलाचा पैसा आल्यावर सौदीने जगातलं जे सर्वोत्तम ते मागवायला सुरुवात केली होती. रिव्हेलिनोसारखा खेळाडू १९७८ मध्ये अल-हिलालकडे आला तो त्याच ओघात. पण १९८४ च्या मार्चमध्ये ओमानला झालेल्या आखाती चषकात इराककडून ४-० असा सपाटून मार बसला आणि झगालोंना निरोप देण्यात आला. ऑलिंपिकची पात्रता स्पर्धा तोंडावर होती. नवा विदेशी माणूस शोधायला वेळच नव्हता. मग दम्मामला निरोप गेला.

एप्रिलमध्ये सिंगापूरला खलीलच्या संघाने दक्षिण कोरियाला ५-४ असं हरवलं आणि सौदी फुटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकला पोचलं. लॉस एंजेलिसमध्ये मात्र तिन्ही सामने गमावले. त्यात पश्चिम जर्मनीकडून सहा गोल खाल्ले. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आठवणीतून या तीन सामन्यांना बहुतेक वेळा गाळलं जातं. काकांनीही ते आपणहून सांगितले नव्हते. मी विचारल्यावर हात झटकून म्हणाले, ती शाळा होती, फी भरावी लागली.

डिसेंबरमध्ये पुन्हा सिंगापूर, आशियाई चषकासाठी. सौदी संघ या स्पर्धेच्या मुख्य फेरीत पहिल्यांदाच खेळत होता. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आघाडी घेतली आणि माजेद अब्दुल्लाने अगदी शेवटच्या मिनिटाला बरोबरी साधली. उपांत्य सामना इराणशी. पहिल्या अर्धात शाहरुख बयानीच्या गोलवर इराण पुढे गेलं आणि ती आघाडी ८८ व्या मिनिटापर्यंत टिकली. मग इराणवर स्वयंगोल झाला, आणि तो ज्याच्या नावावर लागला तो शाहीन बयानी म्हणजे शाहरुखचा सख्खा भाऊ. सामना पेनल्टीवर गेला, सौदीने तो ५-४ असा जिंकला. काका सांगतात, त्या पेनल्टींच्या वेळी ते शेजाऱ्याच्या घरात टीव्हीकडे पाठ करून बसले होते. टीव्हीवरचा आवाज ऐकायचा आणि बघायचं कुणाकडे, तर समोर बसलेल्या पोराच्या तोंडाकडे; त्यावरून कळायचं गेली की नाही.

१६ डिसेंबरला अंतिम सामना, चीनशी. दहाव्या मिनिटाला शाये अल-नफीसाचा गोल. दुसऱ्या अर्धाच्या सुरुवातीलाच माजेदचा, बियांनी मला दाखवलेला. २-० आणि मामांच्या कॅसेटमधले ते भोंगे.

सौदीने नंतरही आशियाई चषक जिंकला. १९८८ मध्ये दोहात कार्लोस अल्बर्टो परेरांच्या हाताखाली, १९९६ मध्ये अबू धाबीत नेलो विंगादांच्या. दोन्ही अंतिम सामने पेनल्टीवर सुटले. नव्वद मिनिटांत, कोणाच्या नशिबाला बोल न लावता जिंकलेला अंतिम सामना एकच, आणि तो घरच्या माणसाचा. १९९६ नंतर तर चषकच नाही. तीन वेळा जिंकलेल्या देशाने इतकी वर्षं कोरडी काढली की माणसं मागे वळून बघणारच.

ती स्पर्धा आपलीही होती, हे मला उशिरा कळलं आणि कळल्यावर मी काही वेळ नुसता बसून राहिलो. १९८४ च्या त्या आशियाई चषकात भारत खेळला होता. दुसऱ्या गटात, चीन, इराण, संयुक्त अरब अमिराती आणि यजमान सिंगापूरबरोबर. तीन सामने हरलो, एकही गोल केला नाही. पण इराणला ०-० असं रोखलं. ज्या इराणने सौदीचा जीव मेटाकुटीला आणला, त्याच इराणला. आपले प्रशिक्षक तेव्हा युगोस्लाव्हियाचे मिलोवान चिरिच होते. त्याच वर्षी जानेवारीत कोलकात्याच्या नेहरू चषकात अर्जेंटिनाला त्यांच्या संघाने इतकं झुंजवलं की एकाच, उशिराच्या गोलावर अर्जेंटिना सुटलं. कोलकात्याचे जुने प्रेक्षक चिरिच यांचं नाव अजून आदराने घेतात. त्याआधी १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये उपउपांत्य फेरीत आपण सौदीकडूनच, अखेरच्या क्षणी खाल्लेल्या गोलावर ०-१ असे हरलो होतो. म्हणजे दोन-तीन वर्षांच्या अंतरात हे दोन देश एका रांगेत उभे होते. ते पुढे सहा विश्वचषकांत खेळून आले. आपण अजून पात्रतेचं गणित मांडतोय. हे लिहिताना मला वाईट वाटतं, आणि वाटायलाच हवं.

काकांशी बोलताना तीन अरबी शब्द पुन्हा पुन्हा यायचे. पहिला, 'इब्न अन-नादी', क्लबचा मुलगा. दुसरा, 'अज़-ज़मन अल-जमील', तो सुंदर काळ. म्हातारी माणसं हे म्हणताना उसासा टाकतातच. तिसरा शब्द कडू आहे: 'मुदर्रिब तवारी'. तवारी म्हणजे आणीबाणी. इस्पितळात अपघात विभागाच्या पाटीवर हाच शब्द असतो. मुदर्रिब तवारी म्हणजे आणीबाणीचा प्रशिक्षक, घर पेटलं की बोलवायचा आणि आग विझली की घरी पाठवायचा.

सौदी फुटबॉलचा इतिहास या तिसऱ्या शब्दाने भरलेला आहे. १९९३ मध्ये दोहाला विश्वचषकाची पात्रता फेरी ऐन रंगात असताना ब्राझीलच्या कांदिन्योंना काढलं आणि मोहम्मद अल-खराशींनी सूत्रं हातात घेतली. इराणला ४-३ हरवून सौदी पहिल्यांदा विश्वचषकाला पात्र ठरलं. बक्षीस काय? विश्वचषकासाठी लिओ बेनहाकर यांना आणलं, काही महिन्यांत त्यांनाही काढलं आणि शेवटी संघ अमेरिकेला गेला तो अर्जेंटिनाच्या होर्हे सोलारींबरोबर. बेल्जियमविरुद्ध सईद अल-ओवैरानने अर्धं मैदान एकट्याने कापून केलेला तो गोल जगाने पाहिला. पात्रता मिळवून देणाऱ्या खराशींचं नाव किती जणांना ठाऊक आहे? त्याच खराशींनी १९९४ च्या अखेरीस सौदीला पहिला आखाती चषक जिंकून दिला. तरी १९९८ मध्ये पुन्हा तेच. चार वर्षांपूर्वी ब्राझीलला विश्वविजेतं करणाऱ्या परेरांना फ्रान्समधल्या विश्वचषकात दोन सामने हरल्यावर स्पर्धा चालू असतानाच काढलं आणि तिसऱ्या सामन्याला खराशी बाकावर. २००० मध्ये लेबनॉनला जपानकडून पहिला सामना ४-१ हरल्यावर मिलान माचालांना हटवलं, नासेर अल-जोहर आले आणि संघाला थेट अंतिम सामन्यात घेऊन गेले.

ही यादी वाचून असं वाटेल की घरचा माणूस नेहमी जिंकतो. तसं नाही. याच अल-जोहरांच्या संघाने २००२ च्या विश्वचषकात जर्मनीकडून आठ गोल खाल्ले. माझं म्हणणं वेगळं आहे. घरच्या माणसाला घरचे लोक नेहमी पाहुणा समजत राहिले आणि पाहुण्याला मालक. खलीलच्या आठवणीत लोक जे शोधतात ते चषकाहून जास्त काही आहे. आपल्यातला एक जण आपल्यासाठी ठरवत होता, चुकत होता, शिकत होता आणि रात्री आपल्याच गल्लीत झोपायला येत होता, हे त्यांना परत हवं आहे. मला तरी काकांच्या बोलण्यातून हेच ऐकू आलं. आणि मला ते रास्त वाटतं.

जानेवारी २०२४ मधली एक रात्र या संदर्भात सांगायलाच हवी. कतारमध्ये आशियाई चषकाचा बाद फेरीतला सामना, सौदी विरुद्ध दक्षिण कोरिया. पुन्हा पेनल्टी. सौदीचे प्रशिक्षक होते इटलीला युरोपविजेतेपद मिळवून देणारे रॉबर्टो मॅन्चिनी. शेवटची पेनल्टी मारली जायच्या आधीच ते वळले आणि बोगद्यातून आत निघून गेले. नंतर त्यांनी माफी मागितली, सगळं संपलं असं वाटल्याचं सांगितलं. त्यांच्यावर मी आरोप करत नाही, माणूस आहे. पण टीव्हीसमोर बसलेल्या काकांच्या डोळ्यांपुढे त्याच क्षणी १९८४ ची इराणची पेनल्टी उभी राहिली. ते स्वतः तेव्हा पाठ करून बसले होते हे त्यांना आठवत होतं. मला म्हणाले, "मैं पीठ कर सकता था, खलील नहीं."

त्याच मॅन्चिनींनी पुढे जाहीरपणे एक तक्रार केली आणि ती मात्र शंभर टक्के खरी होती: माझे सौदी खेळाडू आपापल्या क्लबांत बाकावर बसून असतात, मी संघ कुठून आणू? रोनाल्डो २०२२ च्या डिसेंबरअखेर अल-नस्रकडे आला, जून २०२३ मध्ये देशाच्या गुंतवणूक निधीने चार बड्या क्लबांची ७५ टक्के मालकी घेतली, आणि मैदानावर विदेशी खेळाडूंची रांग लागली. एका क्लबला आठ, मग दहा विदेशी. मॅन्चिनी ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले आणि त्यांच्या जागी परत बोलावले गेले ते हर्वे रेनार. २२ नोव्हेंबर २०२२ ला लुसैलमध्ये मेस्सीच्या अर्जेंटिनाला २-१ हरवणाऱ्या संघाचे गुरू; त्या विजयासाठी दुसऱ्या दिवशी देशभर सुट्टी दिली होती. रेनार २०२३ मध्ये फ्रान्सच्या महिला संघाकडे निघून गेले होते. त्यांना पुन्हा आणलं, हेही एका परीने मागे वळून बघणंच. तरुण पोरांचा सुंदर काळ रेनार आहे. पांढरा शर्ट, मध्यंतरातलं ते ओरडणं, सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. काकांचा सुंदर काळ फोनमध्ये फारसा सापडत नाही, म्हणून तर बिया लागतात.

दम्मामलाही आपला वाटा मिळाला. जुलै २०२३ मध्ये लिव्हरपूलचा स्टीव्हन जेरार्ड इत्तिफाकचा प्रशिक्षक म्हणून आला. पाठोपाठ जॉर्डन हेंडरसन, वायनाल्डम. पहिल्याच सामन्यात १४ ऑगस्टला अल-नस्रला २-१ हरवलं, तेव्हा शहराला वाटलं, नोखदा सापडला. हेंडरसन सहा महिन्यांत निघून गेला. त्या मोसमात संघ सहाव्या क्रमांकावर राहिला. पुढच्या मोसमात घसरण सुरू झाली आणि जानेवारी २०२५ च्या अखेरीस जेरार्डही गेला. त्याच्या जागी आला साद अल-शेहरी, सौदी माणूस, ज्याच्या हाताखाली देशाच्या २३ वर्षांखालच्या संघाने २०२२ चा आशियाई चषक जिंकला होता.

सेको बिल्डिंगच्या परिसरात, जिथे आपल्याकडची आणि केरळची माणसं संध्याकाळी कडक चहाला जमतात, तिथे राजापूरचा एक टॅक्सीवाला मला म्हणाला होता, "जेरार्ड आला तेव्हा माझ्या गाडीत बसणारा प्रत्येक जण त्याचंच बोलायचा. गेला तेव्हा कुणी काही बोललं नाही." मला हे एक वाक्य पानभर विश्लेषणापेक्षा जास्त सांगून गेलं. जेरार्डशी लोकांचं भांडण नव्हतं. तो कुणाच्या लग्नाला आला नव्हता, कुणाच्या मयतीला खांदा दिला नव्हता, एवढंच. जाताना मागे ठेवायला त्याच्याकडे काही नव्हतं.

गोव्यात मी हेच पाहिलेलं आहे. आर्मांद कुलासो यांच्या हाताखाली धेंपो क्लबने २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, २००८ मध्ये एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीत गेला. क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी, सगळी आजूबाजूच्या वाड्यांवरची पोरं. २०१४ मध्ये एफसी गोवा आला आणि पहिला प्रशिक्षक म्हणून साक्षात झिको. झगालोंच्या देशाचा झिको! फातोर्ड्याचं मैदान भरून वाहिलं. दोन वर्षांनी धेंपोने साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब यांच्याबरोबर राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं. मडगावच्या बाजारात मासे घेताना मी झिकोबद्दल कौतुक ऐकलंय, पण 'आमचो' हा शब्द कुलासोंसाठीच ऐकलाय. माणसाला चांगलं फुटबॉल आवडतंच, पण आपलेपणाची भूक निराळी असते आणि ती जगातला कितीही मोठा माणूस आणला तरी भागत नाही.

मात्र 'सुंदर काळ' सगळ्यांसाठी सुंदर नव्हता, हेही लिहिलं पाहिजे. काकांच्या १९८३ च्या मैदानावर एकही बाई नव्हती. त्यांच्या पत्नीने इत्तिफाकचे सामने रेडिओवर ऐकले, स्वयंपाकघरात. सौदीत बायकांना फुटबॉलच्या मैदानाचं दार उघडलं ते जानेवारी २०१८ मध्ये, आधी जेद्दा आणि रियाध, मग काही दिवसांत दम्माम. काकांच्या पत्नी ते बघायला उरल्या नव्हत्या. हे सांगताना काकांचा आवाज खाली गेला आणि त्यांनी लगेच विषय बदलला नाही, थोडा वेळ तसेच बसून राहिले. माझे मामाही त्या काळात कॅम्पात आठ-आठ जण एका खोलीत राहत होते, पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता, दोन वर्षांनी एकदा घर दिसत होतं. ज्या मैदानाच्या दिव्यांची वायरिंग आमच्यासारख्यांनी ओढली, तिथल्या जल्लोषात आम्ही काठावरच होतो, असं मामा म्हणायचे. पण ते हेही म्हणायचे की इत्तिफाक जिंकली की मुकादम दुसऱ्या दिवशी कुणावर ओरडायचा नाही.

काकांची नात अल-खोबरला कॉलेजात शिकते. ती मैदानावर जाते, हिरवा-लाल मफलर घालून, मैत्रिणींबरोबर. तिला १९८३ चा संघ माहीत नाही, पण साद अल-शेहरी पाठ आहे. अल-खोबरमध्ये अरामकोच्या नावाचं सुमारे ४७ हजार प्रेक्षकांचं नवं मैदान उभं राहतंय, २०२७ च्या आशियाई चषकासाठी, आणि पुढे २०३४ च्या विश्वचषकासाठी. तिथे उद्घाटनाला आजोबांना न्यायचं तिने ठरवलंय.

गेल्या खेपेला, निघायच्या आदल्या रात्री, आम्ही तिघं समुद्राकाठच्या कॉर्निशवर गाडी लावून बसलो होतो. नातीने फोन पुढे धरला आणि आजोबांना सांगितलं, त्या संघाची सगळी नावं सांगा, मी रेकॉर्ड करते. काका सावरून बसले. सालेह खलीफापासून सुरुवात केली, एकेक नाव, एकेकाची जागा, कोण डाव्या पायाचा, कोण कुठल्या मोहल्ल्यातला. उजव्या बचावावर आले आणि थांबले. नाव आठवेना. ओठ हलत होते, बोट हवेत त्या जागेवर टेकलेलं होतं. नात म्हणाली, राहू दे, इंटरनेटवर बघू. काकांनी मान हलवली आणि स्वतःचा फोन काढला. रात्रीचे साडेअकरा झाले होते. पलीकडून झोपेतला आवाज आला. काकांनी सलाम केला नाही, तब्येत विचारली नाही, सरळ विचारलं, खलीलचा उजवा बचाव कोण?

पलीकडच्याने नाव सांगितलं, आणि मग त्याच्या भावाचंही. मग दोघं बोलतच राहिले. नातीने रेकॉर्डिंग बंद केलं नव्हतं. मी गाडीतून उतरून काठावर जाऊन उभा राहिलो. खाली एक मच्छीमार होडीची दोरी आवळत होता, आणि मागे उघड्या काचेतून काकांचा आवाज येत होता, हसत, एकामागून एक नावं घेत.